जावातल्या खेड्यात राहायला जाताय? आधी एवढं करा

इंडोनेशियातल्या जोग्याजवळ (म्हणजे योग्यकर्ता शहराजवळ), भातखाचरांच्या कडेला घर बघताय, मजा आहे! घराच्या राखणीला कॅमेरा कुठला लावू, हे तुम्ही पहिलं विचारलंत. ते नंतर.

पोचल्यावर लगेच पासपोर्टची प्रत घेऊन पाक आरटीला, म्हणजे आपल्या आळीच्या प्रमुखाला भेटा. पाहुण्याने २४ तासांत कळवायचं, अशी पाटीच बऱ्याच गावांत दिसते. रिकाम्या हाताने जाऊ नका, किलोभर साखर पुरते.

जमिनीत मात्र नवखे हमखास फसतात. १९६० च्या जमीन कायद्याने परदेशी माणसाला पूर्ण मालकी, 'हाक मिलिक', मिळत नाही. "माझ्या नावावर घे, आपण भाऊच" असं कोणी म्हटलं तर चहा प्या आणि उठा. जमीन त्याची, पैसे तुमचे, आणि कोर्टात तुमची बाजू लंगडी. पहिलं वर्ष सरळ भाड्याने राहा. 'गिरिक' दाखवतील, ती जुनी कराची नोंद, मालकीचं प्रमाणपत्र नव्हे.

आता सुरक्षा. गावकरी आळीपाळीने रात्रीची गस्त घालतात, तिला 'रोंदा' म्हणतात. तुमची पाळी टाळू नका. भाषा मी तिथेच शिकलो, भाजलेले शेंगदाणे खात. काही गावांत गस्तवाले दारावरच्या छोट्या डब्यातून मूठभर तांदूळ किंवा नाणी नेतात. तुम्हीही डबा टांगा. केंतोंगान म्हणजे इशारा द्यायला बडवायचं पोकळ लाकूड; त्याचे ठोके चोरीचे कोणते, आगीचे कोणते, हे शेजाऱ्याला विचारून ठेवा.

आणि रात्री बांधावर बॅटरीशिवाय पाय नको. उंदरांमागे नाग येतात.