टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतल्यावर स्पर्म काऊंट कमी होतो का?

हो, होतो, आणि कधीकधी पार शून्यावर येतो. तुम्ही लिहिलंय म्हापशाच्या जिममध्ये कोणीतरी सांगितलं म्हणून इंजेक्शनं सुरू केली, बॉडी झाली पण लग्नाला दोन वर्षं होऊन मूल नाही, तर आधी हाच संशय घ्या.

होतं काय, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडते, एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन बनतं आणि एफएसएच शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींना चालना देतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरीला वाटतं भरपूर आहे, ती दोन्ही बंद करते, मग रक्तात लेव्हल चांगली दिसते पण वृषणाच्या आत, जिथे रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, तिथेच कमी पडतं. रिपोर्ट बघून फसू नका!

इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांचं परत सुरळीत होतं पण वेळ लागतो, एक शुक्राणू तयार व्हायलाच साधारण 70-75 दिवस जातात, त्यामुळे काही महिने, कधी वर्षही. जिमवाल्याला विचारू नका, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जवळच्या युरॉलॉजिस्टकडे जा आणि इंजेक्शनांचं स्पष्ट सांगा, लाजू नका. सीमेन अॅनालिसिस (वीर्याची तपासणी) आणि रक्तातली एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स तपासायला सांगतील, टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळीच द्या. बायकोच्या तपासण्याही सोबतच करा, सगळं तिच्यावर ढकलू नका.