एनजिनएक्सच्या (पुढे उभ्या वेब सर्व्हरच्या) मागे टॉमकॅट (जावा अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) ठेवलं, पण लॉगिन केल्यावर पान पुन्हा एचटीटीपीवर का जातं?

टॉमकॅट बिचारं निर्दोष आहे, त्याला कुणी सांगितलंच नाही! एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, एनजिनएक्सपाशीच संपते. पुढे ८०८० पोर्टवर साधं एचटीटीपी जातं, म्हणून अ‍ॅप पत्तेही तसेच बनवतं.

एनजिनएक्सच्या कॉन्फिगमधल्या लोकेशन ब्लॉकमध्ये प्रॉक्सी-पासखाली (विनंती टॉमकॅटकडे धाडणारी ओळ) तीन हेडर पाठवा: होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो. तेवढ्याने भागत नाही. टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये होस्ट टॅगच्या आत रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह (हे हेडर वाचणारा भाग) टाका आणि प्रोटोकॉल-हेडर म्हणून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो लिहा. बहुतेकांचं इथेच अडतं. म्हापशातल्या एका होमस्टेची बुकिंग साईट लावताना चतुर्थीच्या तोंडावर माझी अख्खी संध्याकाळ यात गेली. अ‍ॅपच्या लॉगमध्ये प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच मशीनवरून, आलेला दिसला, तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

दोन्ही एकाच मशीनवर असतील तर सर्व्हर डॉट एक्सएमएलमधल्या कनेक्टरचा (८०८० वर ऐकणाऱ्या भागाचा) अ‍ॅड्रेसही १२७.०.०.१ करून टाका, ८०८० बाहेरून उघडं नको. आणि खोल्यांचे फोटो चढवताना ४१३ एरर (फाईल फार मोठी) आली, तर ती एनजिनएक्सची १ एमबीची डीफॉल्ट मर्यादा. क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ वाढवा, एनजिनएक्स रीलोड करा.