आमच्या भागातला डबघाईला आलेला फुटबॉल क्लब एक कारखानदार चालवायला घेतायत. तो खरंच उभा राहील का?

तुमचा प्रश्न वाचून आमचेच दिवस आठवले. तुम्ही लिहिलंय की सोलापुरातला तुमचा क्लब जुना, दुकानदारांचं देणं थकलेलं, पोरं दुसऱ्या संघांत निघालेली, आणि टॉवेलचे एक कारखानदार म्हणतायत, ‘मी घेतो, तिकडे वेल्सच्या रेक्सहॅम क्लबचं झालं तसं आपलं करून दाखवतो.’ मी सोलापुरातल्याच एका क्लबचा नऊ वर्षं खजिनदार होतो. आमच्याकडे हे घडून गेलंय, तेही दोनदा. क्लब उभा राहू शकतो. फक्त पहिल्या वर्षी मालकांचा पैसा कशावर खर्च होतो, ते नीट बघा.

आधी ‘मालक’ या शब्दाचं. आपण सोलापूरकर मान द्यायचा म्हणून कुणालाही मालक म्हणतो, तसं त्यांनाही म्हणा. कागदावर मात्र अशा क्लबला मालक नसतो. तुमचा क्लब बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असेल. असा क्लब विकत घेता येत नाही. ते अध्यक्ष होऊ शकतात, विश्वस्त होऊ शकतात, आणि तो बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवावा लागतो. आमच्याकडे आधीचे दोन बदल कळवलेच नव्हते. त्यामुळे बँक सह्या बदलून देईना आणि खात्यात पडलेले आमचेच पैसे आम्हाला काढता येईनात. तुमचे कागद आजच उघडून बघा.

दुसरी गोष्ट याहून मोठी. ते जे पैसे टाकणार आहेत ते देणगी म्हणून की उसने? पहिल्याच बैठकीत हे विचारायला सगळ्यांना संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. तोंडी व्यवहारात आज जी मदत वाटते, तीच भांडण झालं की देणं म्हणून पुढे येते. देणगी असेल तर चेकने किंवा खात्यावर घ्या आणि पावती फाडा. क्लबकडे प्राप्तिकराची ८०जी मान्यता असली तरी २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, त्यामुळे रोखीत त्यांचाही फायदा नाही.

आता आमचं पहिल्या वेळचं सांगतो. जे मालक आले ते मनाने फार मोठे, फुटबॉलवर जीव टाकणारे. पहिल्याच महिन्यात नव्या जर्सी, सगळ्यांना बूट, आणि मॅचमागे मानधन देऊन बाहेरचे सहा खेळाडू आणले. त्या हिवाळ्यात एक खुली स्पर्धा आम्ही जिंकली. मिरवणूक निघाली, त्यात मीही नाचलो. पुढच्या वर्षी सुताचे भाव चढले आणि त्यांच्या कारखान्यातले निम्मे माग थांबले. त्यांनी आम्हाला फसवलं नाही. त्यांच्याकडे द्यायलाच काही उरलं नव्हतं. बाहेरचे खेळाडू आठवड्यात गेले. आमची पोरं वर्षभर बाकावर बसून कंटाळून आधीच गेली होती. मागे राहिलो कोच आणि मी, आणि बसवाल्याचं बिल. कोचच्या बायकोने एकदा घरी येऊन विचारलं, ‘अण्णा, यांचा पगार कधी होणार?’ तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मला अजून लागतं.

एका भोंग्यावर अख्खं घर चालणं काय असतं हे सोलापूरला सांगायला नको. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू मिल गेली, आणि त्यांच्या मागे खानावळीपासून सायकल दुकानापर्यंत सगळं बसलं. फुटबॉलमध्येही तेच झालंय. पंजाबातल्या फगवाड्याची जेसीटी ही कापड गिरणीची टीम. देशातली पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग, १९९६-९७ ची, त्यांनी जिंकली. बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन तेव्हा त्यांच्याकडून खेळत होते. २०११ मध्ये कंपनीने ती टीमच बंद केली. मुंबईची महिंद्रा युनायटेड त्याच्या आदल्या वर्षीच, २०१० मध्ये, संपली होती. दोन्हीकडे गुणी खेळाडू होते, पण सगळा खर्च एका कंपनीच्या खिशातून चालायचा.

इंग्लंडच्या जुन्या लँकेशायरमधली दोन गावं मला आपल्या सोलापूरच्या फार जवळची वाटतात, कारण दोन्ही सुतावर वाढली: बेरी आणि ॲक्रिंग्टन. बेरीचा क्लब १८८५ चा, १९०० आणि १९०३ ला इंग्लंडचा मानाचा एफए कप जिंकलेला. कमाईपेक्षा पगार जास्त, असं तिथे अनेक वर्षं चाललं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तो क्लब एका पौंडाला विकला गेला. क्लब एका पौंडाला मिळतो तेव्हा त्याबरोबर सगळं देणं पदरात येतं. पुढच्या उन्हाळ्यात खेळाडूंचे पगार थकलेले असतानाच संघाने वरच्या विभागात बढती मिळवली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने क्लबला बाहेर काढलं. मैदानावर जिंकत असलेला क्लब हिशोबात हरला, हे वाचून मी त्या रात्री झोपलो नव्हतो.

ॲक्रिंग्टन स्टॅन्ली त्याच्या उलट. १९६२ मध्ये पैशांअभावी या क्लबने लीग सोडली आणि १९६६ मध्ये तो बुडाला. १९६८ ला नव्याने उभा राहिला आणि २००६ ला लीगमध्ये परतला. २०१५ मध्ये अँडी होल्ट नावाच्या तिथल्याच कारखानदाराने तो घेतला. प्लास्टिकच्या घरगुती वस्तू बनवणारा माणूस. आवक किती, जावक किती हे तो लोकांसमोर उघड बोलायचा, आणि झेपेल तेवढ्याच पगारात संघ बांधायचा. २०१८ ला तो छोटा क्लब नव्याने उभा राहिल्यापासून पहिल्यांदा तिसऱ्या विभागात गेला. २०२३ ला परत खाली आला, पण क्लब बुडाला नाही. तुमच्या कारखानदारांना हा माणूस जरूर सांगा.

दुसऱ्या वेळी आमच्याकडे जे आले त्यांना मी हेच सांगितलं. पहिले दोन महिने एकही जर्सी घेतली नाही. एक वही केली आणि कुणाचं किती, कधीपासून, ते सगळं लिहिलं: खेळाच्या सामानाचं दुकान, बसवाला, मैदानाचं भाडं, पंचांचं मानधन, चहावाला. पहिला पैसा कोचच्या थकलेल्या पगाराला गेला. मग चहावाल्याला, कारण रक्कम छोटी होती पण त्याला तीच मोठी होती. दुकानदाराकडे मालक स्वतः जाऊन बसले आणि दर महिन्याचे हप्ते ठरवले. त्या एका भेटीने बाजारातली आमची पत जितकी परत आली तितकी कुठल्याच चषकाने आली नसती.

मग मुलांच्या बॅचेस. खरा क्लब तिथे आहे. समजा ६० मुलं, महिना ३०० रुपये, म्हणजे १८,००० झाले. त्यात एका कोचचं मानधन, चेंडू आणि प्रथमोपचाराचं सामान भागायला लागतं. पण आपल्या पूर्व भागात माग कामगारांची आणि विडी वळणाऱ्या बायांची पोरं आहेत. ज्या घरात आठवड्याला पगार होतो तिथे महिन्याची फी एकदम मागितली की आई पोराला घरी बसवते. आम्ही आठवड्याला ७५ केले, आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांची फी मालकांच्या देणगीतून भरली. त्यांच्या पैशाचा मी पाहिलेला सगळ्यात चांगला उपयोग तो. फी कुणाची भरली जाते हे कोच आणि मी सोडून कुणाला कळू दिलं नाही. पोर मैदानावर आलं की त्याला कुणी ‘फुकटातला’ म्हणता कामा नये. मुलींची वेगळी बॅचही याच पैशातून सुरू झाली.

मैदानाचं थोडक्यात: हिरवळीचं स्वप्न आत्ता दाखवू देऊ नका. ज्या शहराने नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येताना पाहिलंय तिथे हिरवळीला पाणी कुठून आणणार? मुरूम टाकून, रोलर फिरवून, दगड वेचून मैदान सपाट करा, गोलपोस्टला धड जाळ्या लावा. पोरांचे गुडघे वाचतात. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामाला द्यायच्या पैशाच्या, मागे लागायचं असेल तर लागा, पण तो कायदा वर्षाला ५ कोटी नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी निव्वळ मत्ता असलेल्या कंपन्यांना लागतो. आपले बहुतेक टॉवेलवाले त्यात बसत नाहीत. त्यांच्याकडून मैदानाभोवतीच्या जाहिरातीच्या फलकांचे वर्षाचे पैसे घ्या, तेही सरळ पावती देऊन.

रेक्सहॅमचं म्हणाल, तर तिथल्या नव्या मालकांनी २०२१ ला क्लब घेतला आणि २०२३, २०२४, २०२५ असा तीनदा लागोपाठ वर चढवला, हे खरं. पण त्याआधी २०११ पासून तो क्लब चाहत्यांच्याच संस्थेने चालवला होता, जुनं देणं फेडलं होतं, आणि सभासदांनी मतदान करून मगच तो सोपवला. ती दहा वर्षं कुणी पाहत नाही. तुमच्याकडे ते काम अजून व्हायचंय, आणि ते तुम्हालाच करायचंय.

बैठकीत मालकांना एकच विचारा: ‘उद्या तुमचा कारखाना सहा महिने बंद राहिला, तर संध्याकाळची बॅच चालेल का?’ आमच्या दुसऱ्या मालकांना मी हेच विचारलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘अण्णा, तशी व्यवस्था लावू.’ दोन वर्षांनी त्यांचा कारखाना खरंच काही महिने थांबला. त्या काळात त्यांच्याकडून रुपया आला नाही. कोचचा पगार पाच तारखेला झाला, आणि ते स्वतः रोज संध्याकाळी कडेला उभं राहून पोरांचा सराव बघायचे.