हौदा किती फुटी?

(तासगावच्या एका पतसंस्थेत २९ वर्षे वाहनकर्जाचे टेबल सांभाळून निवृत्त झालेल्या ताई गाडी घेणाऱ्या, चालवणाऱ्या आणि फेडणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात.)

प्रश्न : ताई, मुलाकडे टेक्सासला तीन महिने राहून आलो. तिथं दर दुसऱ्या दारात पिकअप. मुलाचा शेजारी बँकेत नोकरीला आहे, पण त्याची पिकअप आपल्या ट्रॅक्टरपेक्षा उंच, किंमत साठ हजार डॉलर. हौद्यात तीन महिन्यांत मी एक पोतं बघितलं नाही. आपल्याकडं पिकअप म्हणजे द्राक्षाचे क्रेट नाहीतर शेणखत. मग हमालाची गाडी तिथं साहेबाची कशी झाली, आणि एवढी महाग कशी झाली?
– एक बागायतदार, पलूस

उत्तर : दादा, कर्जाला कुणी आलं की कोटेशन उघडायच्या आधी मी विचारायची, "हौदा किती फुटी?" ऑफिसातली पोरं हसायची. पण त्या एका आकड्यावरनं मला कळायचं, हा माणूस गाडीतनं पैसे काढणार आहे की गाडीत घालणार आहे. त्या बँकवाल्याच्या हौद्याला टेप लावला असता तर बहुतेक साडेपाच फूट भरला असता. त्याच्या आजोबाच्या पिकअपचा आठ फूट असायचा. मधले अडीच फूट मागच्या सीटनं खाल्ले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या अडीच फुटांत आहे.

सुरुवातीला ती खरोखर शेतकऱ्याचीच गाडी. अमेरिकेतले शेतकरी आपल्या मोटारीची मागची बाजू काढून घरीच लाकडी पेटी ठोकायचे. ते बघून फोर्डनं १९२५ साली मॉडेल टी गाडी कारखान्यातूनच हौद्यासकट विकायला काढली, २८१ डॉलरला. पुढं कितीतरी वर्षं पिकअप म्हणजे एक सलग बाकडं, खाली रबरी चटई आणि मागं पत्रा. बाजारहाट, चारा, एखादं वासरू. घरची मंडळी रविवारी चर्चला जायची ती दुसऱ्या गाडीतनं.

मग मधे कोंबडी आली. चेष्टा नाही, विट्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना हे चटकन पटेल. महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबडी कारखान्यासारखी वाढवायला लागले, भाव कोसळला आणि ती स्वस्त कोंबडी युरोपात जायला लागली. तिथल्या शेतकऱ्यांनी बोंब मारली, म्हणून १९६२ साली युरोपच्या सामायिक बाजारानं तिच्यावर कर वाढवला. त्याचा वचपा म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये चार वस्तूंवर २५ टक्के आयातकर बसवला : बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक, म्हणजे त्यात पिकअपही आली. पहिल्या तिन्हींवरचा नंतर उतरला. ट्रकवरचा राहिला तो राहिलाच. मोटारींवर मात्र कित्येक दशकं अडीच टक्केच होता. जर्मनीची फोक्सवॅगनची छोटी पिकअप अमेरिकेच्या बाजारातनं गेली, आणि स्वस्त, लहान पिकअप बाहेरून आणणाऱ्याला कायमचा चढ लागला.

त्यातनं पळवाटाही निघाल्या. सुबारूनं १९७८ च्या सुमारास 'ब्रॅट' नावाच्या पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या, तोंड मागच्या रस्त्याकडं. का, तर कागदावर ती प्रवासी गाडी ठरावी. हे वाचलं तेव्हा मला आमचा एक कर्जदार आठवला. गाडी घरच्यांना फिरायला, पण व्याज शेतीपूरक कर्जाचं हवं, म्हणून डिकीत फवारणीचा पंप ठेवून फोटो काढून आणलेला. पंपावर दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

कोंबडीनं बाहेरच्यांना अडवलं. पण आतल्यांना मोठं व्हायला वाट दिली ती मायलेजच्या कायद्यानं. १९७३ ला तेलाचा भडका उडाला. १९७५ साली अमेरिकेनं कायदा केला, की कंपनीच्या मोटारींनी सरासरी एवढं मायलेज दिलंच पाहिजे : १९७८ च्या मॉडेलला गॅलनमागं १८ मैल, १९८५ ला साडेसत्तावीस. ट्रकला माप वेगळं आणि सैल. ते शेतकऱ्याचं, गवंड्याचं हत्यार, त्याला कशाला छळायचं? विचार चांगलाच होता. १९७८ साली जादा पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर खास कर आला, त्यातूनही ट्रक सुटले. फोर्डनं १९७५ ला एफ-१५० काढली ती भरलेल्या गाडीचं एकूण वजन मुद्दाम सहा हजार पौंडांच्या थोडं वर धरून, कारण त्या आकड्याच्या आतल्या गाड्यांना धुराचे कडक नियम लागत होते. आणि आजही सहा हजार पौंडांवरची गाडी धंद्याच्या नावावर घेतली, तर तिथं आयकरात मोठी वजावट मिळते. बँकेत नोकरी करणाऱ्याला ती मिळत नाही, पण त्याच्या ओळीतल्या प्लंबरला, वकिलाला आणि घरं विकणाऱ्याला मिळते. मोठी गाडी दारात दिसायला लागली की शेजाऱ्याला काय वाटतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. पलूसमध्येही तेच वाटतं.

सवलत हत्याराला दिली होती. कंपन्यांनी हत्यारालाच गादी लावली. खालची चौकट आणि पाटे जुनेच, त्यावर एसी, चामड्याच्या सीटा, चार दारं, मोठी काच. चौकटीचा खर्च फार वाढत नाही, किंमत मात्र दुप्पट लावता येते, आणि बाहेरून येऊन भाव पाडणारा कुणी नाही. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून तिथली सर्वांत जास्त खपणारी पिकअप आहे, आणि चाळीस वर्षांहून जास्त काळ सर्व गाड्यांत पहिली. २०१८ साली फोर्डनं अमेरिकेत बहुतेक साध्या मोटारी बंद करणार म्हणून जाहीरच करून टाकलं.

लोकांना नुसतं फसवलं म्हणणंही खरं नाही. रुंद रस्ते, स्वस्त पेट्रोल, सुतारकाम घरीच करायची सवय, मागं बोट किंवा ट्रेलर ओढायची हौस; पिकअप तिथं शोभते. चार दारं आल्यावर बायकापोरंही बसली आणि दुसरी गाडी घ्यायची गरज संपली.

मला मात्र धक्का बसला तो किमतीचा नाही, हप्त्यांचा. तिथं वाहनकर्ज ७२ आणि ८४ महिन्यांचं सर्रास मिळतं. सात वर्षं! साठ हजाराची गाडी अंगावर येत नाही, कारण कुणी तिची किंमत विचारतच नाही. महिन्याला किती, एवढंच विचारतात. आमच्या पतसंस्थेत पाच वर्षांपलीकडं मी एक हप्ता लांबवला नाही. पाच वर्षांत आपली पिकअप दगड, ऊस, खत आणि भावकीची लग्नं वाहून गुडघ्याला आलेली असते. गाडी मोडीत आणि कर्ज चालू, अशा फायली मी पाहिल्यात.

स्वस्त पिकअप कुणाला नकोच होती असं नाही. २०२१ ला फोर्डनं 'मॅव्हरिक' नावाची छोटी पिकअप वीस हजार डॉलरच्या आत आणली, तर बुकिंग बंद करायची वेळ आली. २०२५ च्या मॉडेलला तीच २६ हजारांच्या वर गेली. मागणी दिसली की भाव चढतो. तासगावच्या बेदाणा सौद्यात बसलेल्या माणसाला हे शिकवायला नको.

आता आपल्याकडचं. आपल्या भागात गावोगाव छोटी गाडी पोचवली ती २००५ च्या टाटा एसनं. छोटा हत्ती. दोन सिलिंडर, सातशे सीसी, पाऊण टन माल, आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. पहिल्या वर्षी माझ्या टेबलावर अशा फायलींची चवड लागली. सावळजकडचा एक माणूस आला होता, तोवर दुसऱ्याच्या ट्रकला भाडं देऊन द्राक्षं पाठवायचा. म्हणाला, "ताई, आता माल मी ठरवीन तवा निघंल." हौदा विचारला, तर म्हणाला, "सात फुटी, पर सगळा माझा." लगेच मंजूर केलं.

त्या चवडीची जागा नंतर बोलेरो पिकअपनं घेतली. दीड टनाच्या आसपास माल, आठ-नऊ फुटी हौदा, बांधावरच्या रस्त्यानं जाणारी, साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालणारी. तीही महाग झाली, पण साहेबीपणानं नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला. डिझेलच्या धुराला गाळणी, सेन्सर, संगणक, आणि किंमत एका उडीत वर. जी कटकट पूर्वी विट्याच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री पान्यानं सोडवायचा, तिला आता लॅपटॉप लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जरा हात मोकळा झाला. आज साधारण नऊ-दहा लाख धरून चाला.

आणि शोभेची म्हणाल, तर आपल्याकडंही शोभा आली आहे, फक्त ती बैलानं आणली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ च्या निकालानं ती पक्की झाली. तेव्हापासून रविवारी पहाटे खानापूर, आटपाडी, माणकडं बघा. हौद्यात चटई, चटईवर भुसा, चारी बाजूंनी गादी, मधे झूल घातलेला बैल, आणि फाळक्यावर त्याचं नाव रंगवलेलं, मालकाच्या नावापेक्षा मोठं. त्या अमेरिकन शेजाऱ्याचा हौदा रिकामा का असतो माहीत नाही, पण आमच्या पोरांना हौद्यात काय ठेवायचं ते कळतं.

प्रश्न : ताई, माझं वय २७, कोरेगावला चार एकर आल्याची शेती आहे. डबल केबिनची मोठी पिकअप घ्यायची म्हणतोय, घरचेही बसतील आणि मालही जाईल. वडील म्हणतात, एक तर पिकअप घे नाहीतर जीप घे, दोन्ही एका दमात नको. काय करू?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : बाळा, वडिलांना माझा नमस्कार सांग.

टोयोटा हायलक्स आपल्याकडं २०२२ ला आली ती ३४ लाखांच्या घरात. हौदा पाच फुटांच्या आसपास. आल्याची पोती रचायला घेतलीस की चौथ्या थराला फाळका उघडा ठेवावा लागेल. कुठलीही गाडी बघ, पण शोरूममध्ये स्टेअरिंगवर बसायच्या आधी कागदावरचे दोन आकडे माग : भरलेल्या गाडीचं एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. वजाबाकी कर. त्यातनं पाच माणसं आणि डबे वजा कर. उरेल तेवढाच तुझा माल. ही वजाबाकी मी कित्येकांना करून दाखवली आहे. निम्मे जण उठून गेले, निम्मे नंतर पेढे घेऊन आले.

दुसरं, नंबर पाटी पिवळी (मालवाहू) मिळणार की पांढरी (खासगी), हे लेखी घे. तुझ्यासारख्याच एका कर्जदाराला विक्रेत्यानं तोंडी सांगितलं, पांढरी करून देतो. गाडी पिवळ्या पाटीची निघाली. मग दर दोन वर्षांनी पासिंग, आठ वर्षांनंतर दरवर्षी, आणि विमाही मालवाहूचा. बिचारा दोन महिने हेलपाटे घालत होता.

आणि घरच्यांना हौद्यात बसवून देवाला न्यायचं असेल, तर तो विचार आत्ताच सोड. मालगाडीच्या हौद्यात फुकट बसलेल्या माणसाला विमा कंपनी जबाबदार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच ठरवलं आहे. पाली-जेजुरीला जाताना हा कायदा कुणाला आठवत नाही, अपघातानंतर सगळ्यांना आठवतो.

वडिलांच्या हिशोबानं नऊ-दहा लाखांची पिकअप आणि एखादी चांगली जुनी चारचाकी, दोन्ही मिळून त्या हायलक्सच्या निम्म्या किमतीत बसतात. बँक कर्ज जास्त देतेय म्हणून जास्त घेऊ नको. मी देणाऱ्या बाजूला बसलेली बाई आहे.

प्रश्न : आमची आजी पिकअपला, छोट्या हत्तीला, तीनचाकीला, सगळ्यांनाच 'टेम्पो' म्हणते. का?
– इयत्ता आठवीतली वाचक, मिरज

उत्तर : जर्मनीतल्या हॅम्बुर्गला टेम्पो नावाची कंपनी होती, मालाच्या तीनचाकी गाड्या करणारी. आपल्याकडं तिच्या गाड्या बजाज टेम्पो कंपनीनं बनवल्या. ही कंपनी १९५८ सालची. गावात मालाची पहिली छोटी गाडी तीच आली, म्हणून नाव चिकटलं. २००५ साली कंपनीनं स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. तुझ्या आजीनं नाही बदललं. माझ्या वडिलांची मॅटॅडोर होती, तिलाही सारा गाव टेम्पोच म्हणायचा, आणि लग्नाचं वऱ्हाड आलं की आई दारातनं ओरडायची, "अगं, टेम्पो आला!"