वडील माळकरी होते, सगळं आयुष्य वारी, सप्ताह आणि गावाच्या सेवेत गेलं. मी देव मानत नाही. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या स्मरणिकेत मी काय लिहू?

तुम्ही म्हणता, गावातून वीस-पंचवीस जणांनी आठवणी पाठवल्यात, सगळ्यांनी 'देवमाणूस' लिहिलंय आणि तुमचा हात पुढे सरकत नाहीये. सरकणार नाहीच. माणूस गेला की त्याला देव करून टाकणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं, त्यात कुणाला काही आठवावं लागत नाही.

माझं विचाराल तर स्मरणिका काढूच नका. पण तुम्ही काढणार, कारण भाऊबंद ऐकत नाहीत आणि एव्हाना छापखान्यात पैसेही भरले असतील. मग निदान तीन गोष्टी वगळा: वडिलांनी किती वाऱ्या केल्या तो आकडा, देणग्यांची यादी आणि आमदारांचा शोकसंदेश. आमच्या आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, स्मरणिकेत हे तिन्ही होतं. आबा मात्र तीत कुठेच नव्हते. म्हणून तर हे लिहायला बसलोय.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठावर. शेती कोरडवाहू, कापसाची. आबा माळकरी. इथल्या जवळच्या दिंड्या सोडून ते मुक्ताईच्या पालखीबरोबर जायचे, कारण आजीचं माहेर मुक्ताईनगरकडचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही मानाच्या पालख्यांमधली लांबच्या चालीची पालखी आहे. मुक्ताईनगरहून निघते, बुलढाणा, जालना, बीड करत सोलापूर जिल्ह्यात उतरते. महिन्याहून जास्त चालायचं. निघायचं ज्येष्ठात.

शेतकऱ्याच्या घरात ज्येष्ठ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. मृग लागलेला असतो, पाऊस आज येतो की उद्या याची धाकधूक असते, सरकीच्या थैल्या घरात येऊन पडलेल्या असतात. आबा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षभराच्या बोलीवरचा शेतगडी) ठरवायचे, कारण आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी धरतात, आणि मग पताका खांद्यावर टाकून निघून जायचे. रानात आडव्या-उभ्या रेघा मारून फुल्या पाडणं, त्यावर सरकी लावणं, पावसानं दडी मारली की पुन्हा लावणं, बियाण्याच्या दुकानदाराची उधारी, सालदाराचे रुसवे, हे सगळं माय बघायची. आबा आषाढी करून परत यायचे तेव्हा शेत वीतभर हिरवं झालेलं असायचं. ते बांधावर उभं राहून हात जोडायचे. माय निंदणीला वाकलेली असायची.

स्मरणिकेत भावानं लिहिलं, "पांडुरंगानं त्यांच्या शेताची काळजी वाहिली." मी तेव्हाच विचारलं, पांडुरंगाचं सातबाऱ्यावर नाव आहे का?

आता सेवेचं. आबांची सेवा ही आमच्या गावात वेगळीच होती. कुणीही मेलं की पहिला निरोप आमच्या घरी यायचा. तिरडी बांधायला आबाच लागत. बांबू कोणते घ्यायचे, कामट्या किती अंतरानं, सुतळीचा वेढा कसा, सरण कसं रचायचं म्हणजे मधेच ढासळत नाही, हे त्यांच्या हातात होतं. एका सरणाला तीनेक क्विंटल लाकूड जातं, पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि पावसाळ्यात गरिबाच्या घरी कोरडं लाकूड असतं कुठे? म्हणून आबा उन्हाळ्यातच बाभळीची, निंबाची लाकडं फोडून आमच्या खळ्यातल्या पत्र्याखाली रचून ठेवायचे. ज्याला लागेल त्यानं न्यावं. पैसे कुणी दिले तर घ्यायचे, नाही दिले तर विचारायचे नाहीत.

आणि त्या लाकडाला हात लावायची मायला बंदी.

ती चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, जाळायची. पऱ्हाटी भरकन पेटते आणि भरकन विझते, चुलीपुढून उठता येत नाही. श्रावणात ती दमट झाली की घरभर धूर. दहा पावलांवर कोरड्या बाभळीची थप्पी. मायचं एक बोलणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं: "मढास्ले सुकं लाकूड, माले ओली पऱ्हाटी." मढ्यांना सुकं लाकूड, मला ओली पऱ्हाटी. आबा हसायचे. उत्तर द्यायचे नाहीत.

एका वर्षी कानबाईच्या दिवशी हे सगळं एकावर एक आलं. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. खान्देशाबाहेरच्यांना कानबाई कळत नाही आणि मी समजावतही बसणार नाही. एवढंच की ते भाऊबंदकीचं दैवत आहे, रोट घरच्यांनीच खायचे असतात, ते बाहेर जाऊ द्यायचे नसतात, आणि सोवळं-ओवळं कडक. रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. चुलते, चुलत्या, पोरंटोरं मिळून घर फुगलेलं. तेवढ्या दिवसापुरतं मायनं आबांना न विचारता थप्पीतलं लाकूड काढलं होतं. देवीचे रोट पऱ्हाटीवर करणार नाही म्हणाली.

दुपारी निरोप आला. रस्त्याच्या कामावर बाहेरून एक टोळी आली होती, गावाबाहेर पालं टाकून राहायची. त्यांतला एक जण तापानं गेला. बायको, दोन पोरं, ओळखीचं कुणी नाही. पाऊस धरलेला. मुकादम निघून गेलेला.

आबा उठले. दिंडीतले दोघेतिघे, रोज हरिपाठाला आबांच्या शेजारी बसणारे, ओट्याशी येऊन उभे राहिले. त्यांतल्या एकानं विचारलं, "आबा, त्यानी जात कोनती?" म्हणजे त्याची जात कोणती. कुठल्या मसणात न्यायचा हा त्यांचा प्रश्न, कारण गावात जाळायच्या जागाही वेगळ्या. आबा कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले. "मरेल माणूसले जात इचारतस? लाकडं काढा."

इथे मला एक सांगायचंच आहे. पंढरपूरच्या देवळाची दारं हरिजनांना उघडावीत म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण केलं. ते गुरुजी आमच्याच अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते. ज्या तालुक्यानं हा माणूस पाहिला तिथला माळकरी मढ्याची जात विचारतो. आबांनी गुरुजींचं पुस्तक वाचलं असेल-नसेल, मला सांगता येणार नाही. पण विठ्ठल त्यांना कळला होता आणि त्या तिघांना कळला नव्हता, एवढं मी देव न मानताही सांगू शकतो.

आपल्याच मसणात नेला त्याला. पावसात चार जणांनी सरणावर पत्रे धरले तेव्हा ते पेटलं. आबा परत आले तोवर अंधार पडला होता. विहिरीवर आंघोळ केली, ओल्या धोतरानं ओट्यावर येऊन बसले. आत कानबाई मांडलेली. चुलत्यांनी दारातूनच सांगितलं, मढ्याला शिवून आलास, आज आत यायचं नाही, देवीला विटाळ होईल. आबांनी मान डोलावली. त्यांनाही ते पटत असावं. जात मोडणारा माणूस विटाळ मानत होता, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर पुन्हा देवमाणूसच होतो.

प्रश्न आला जेवणाचा. रोट घराबाहेर जात नाहीत. चुलत्या म्हणाल्या, उद्या विसर्जन झाल्यावर बघू. माय काही बोलली नाही. ताट वाढलं, रोट, खीर, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. थोरली चुलती ओरडली तेव्हा माय म्हणाली, "ओटा घरमाच शे." ओटा घरातच आहे.

बस. त्यावर कुणाला बोलता आलं नाही. दिवसभर ती आबांवर चिडलेली होती. लाकूड नेलं म्हणून, सणाच्या दिवशी नेलं म्हणून, आणि तिला एका शब्दानं विचारलं नाही म्हणून. तरी ताट नेलं. नवऱ्याची सेवा म्हणून नव्हे, दिवसभराचा उपाशी माणूस दारात बसलाय म्हणून. माझ्या लेखी त्या रात्री घरात देवाधर्माची जाण सगळ्यांत जास्त कुणाला होती ते उघड आहे.

स्मरणिकेसाठी मी हेच लिहून पाठवलं होतं. मी तेव्हा सुरतेला, कापड मार्केटमध्ये. भावानं फोन केला, "हे छापता येणार नाही. देवीचा विटाळ छापायचा का? ज्यांनी जात विचारली त्यांची पोरं आज मंडळात आहेत." माझी पानं काढली आणि तिथे एका मोठ्या महाराजांचे आशीर्वाद छापले. मायचं नाव आख्ख्या पुस्तिकेत एकदा, "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं" एवढ्यात. उरलेल्या वर्गणीतून गावाच्या वेशीवर आबांच्या नावाची कमान झाली. मी म्हणत होतो, मसणात पत्र्याची शेड करा आणि बाजूला लाकडाची खोली बांधा. आजही पावसाळ्यात कुणी गेलं की लोक लाकूड शोधत फिरतात आणि ती तिरडी आबांच्या कमानीखालून जाते. यावर आमचं दिवाळीला दरवेळी वाजतं. भाऊ म्हणतो, तुला गावात राहायचं नाही, मला राहायचंय. त्याचं हे म्हणणं अगदीच खोटं नाही. शेवटच्या आजारपणात आबांचं हगणंमुतणं त्यानं आणि वहिनीनं काढलं, मी रजा टाकून येत-जात होतो. तरीही माझी पानं काढायला नको होती.

तर तुमचं. देव मानत नसाल तर श्रद्धेविषयी लिहू नका, ते लिहायला पुष्कळ जण आहेत. वडील काय करायचे, कोणत्या महिन्यात, कशानं, आणि ते करत असताना घरचं कोण सांभाळत होतं, ते लिहा. आई असेल तर तिच्याजवळ दोन-तीन दिवस बसा. पहिल्या दिवशी ती चांगलंच बोलेल. तो दिवस जाऊ द्या. आणि ती जे सांगेल ते छापायचं की नाही हे तिलाच ठरवू द्या, तुम्ही नाही, भाऊबंद तर नाहीच. आई नसेल तर मोठ्या बहिणीला विचारा, लेकींना घरातलं सगळं ठाऊक असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. तुमचे वडील वेगळे असतील, घरचं सगळं बघून मग वारीला जाणारेही असतात. मी त्यांना ओळखत नाही.

कीर्तन ठेवायचं का, असं शेवटी विचारलंय. ठेवा. तुम्ही मानत नसलात तरी ते मानत होते. फक्त मोठ्या नावाचे बुवा आणू नका, त्यांच्या बिदागीत, मंडपात आणि साउंडमध्येच सगळी वर्गणी जाते. गावातला किंवा शेजारच्या गावातला, वडिलांबरोबर चाललेला कुणीतरी असेलच, त्याला सांगा. पंगतीला साधी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पुरते. उरलेल्या पैशांत पावसाळ्याआधी दोन ट्रॉल्या कोरडं लाकूड येईल, आमच्याकडे तरी येतं.