एक तापी थायलंडातही वाहते

तुम्ही विचारलंय, "जगभर एकाच नावाची गावं आणि माणसं सापडतात, हा नुसता योगायोग असतो का? आणि त्यात गोंधळ होत नाही का?"

योगायोग फार थोडा असतो. बहुतेक वेळा दोन्हीकडे नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकच झाड उभं असतं, नाहीतर कोणीतरी इथलं नाव उचलून तिथे नेलेलं असतं. गोंधळ मात्र हमखास होतो. मी यावल तालुक्यात महा ई-सेवा केंद्र चालवतो. सारख्या नावांचा घोळ निस्तरणं हा माझा अर्धा धंदाच आहे म्हणा ना.

आधी झाडांचं. आमच्या खान्देशात वड, पिंपळ, निंब, चिंच, बोर यांच्यावरून पडलेल्या नावांची रेलचेल आहे. ज्याने पहिल्यांदा वस्ती केली त्याला वीस कोसांवरच्या कोणी तेच नाव ठेवलंय हे कळायचं काही साधन नव्हतं, आणि कळलं असतं तरी त्याचं काय अडलं असतं? निंभोरा एक रावेर तालुक्यात आहे, एक भुसावळजवळ. पिंपळनेर आमच्याकडे म्हणजे साक्री तालुक्यातलं. पण वारकऱ्याला विचाराल तर तो पारनेर तालुक्यातलं, संत निळोबारायांचं पिंपळनेर सांगेल, आणि बीडवाल्याचं आणखी तिसरंच. लासूर चोपडा तालुक्यात आहे आणि औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) रेल्वेमार्गावर लासूर स्टेशनही आहे.

सगळ्यात जास्त डोकेदुखी खुद्द जळगावची. आम्हाला वाटतं जळगाव म्हणजे आमचंच, दुसरं कुठलं असणार? पण बुलढाणा जिल्ह्यात पाय ठेवला की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "खान्देश का जामोद?" तिकडच्या जळगावाला शेजारच्या जामोद गावाचं नाव जोडून जळगाव जामोद म्हणतात. मग आमच्यालाही 'जळगाव खान्देश' म्हणावं लागतं. सगळ्या जिल्ह्याचं ठिकाण, सोन्याचा बाजार, केळीचा व्यापार, पण शेपूट लावल्याशिवाय सुटका नाही.

ही शेपटं मला नावांपेक्षा जास्त आवडतात. भुसावळ तालुक्यात कुऱ्हे पानाचे आहे, मुक्ताईनगर तालुक्यात कुऱ्हा काकोडा. एकाला विड्याचं पान चिकटलं, दुसऱ्याला शेजारचं गाव. अमळनेरचंही तसंच. आमचं अमळनेर म्हणजे साने गुरुजींची शाळा आणि विप्रोचा जन्म. बीड जिल्ह्यातलं ते अमळनेर भांड्याचे. मोठं-धाकटं करायला बुद्रुक आणि खुर्द तर महाराष्ट्रभर आहेतच. पण आमच्याकडच्या महसुली याद्यांत आणखी एक गंमत दिसते. सातबारा काढायला गावाची यादी उघडली की पाचोरा तालुक्यात अंतुर्ली आणि वडगाव पुन्हा पुन्हा येतात, आणि नावापुढे 'प्र. पाचोरा', 'प्र. भडगाव' असं काहीतरी असतं. हा 'प्र.' म्हणजे प्रगणे, म्हणजेच परगणा, जुन्या काळचा महसुली विभाग. परगणे केव्हाच गेले, त्यांचे देशमुख-देशपांडे गेले, इंग्रज आले आणि गेले, तरी दोन वडगावं वेगळी ठेवायचं काम तो परगणा अजून करतोय. नंदुरबारकडे त्याच कामाला 'तर्फ' आहे. कॉलेजात जाणारी पोरं फॉर्म भरताना हे 'प्र.' प्रस्तावित किंवा प्रभाग समजून खोडायला निघतात. खोडू नका म्हणून मला रोज कोणाला तरी सांगावं लागतं, कारण ते खोडलं की अर्ज भलत्याच तलाठ्याकडे जातो.

टपाल खात्याने या सगळ्यावर आकड्यांचा उपाय काढला. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, आणि संस्कृतमध्ये लिहिणारे कवी. सारखी नावं, चुकीचे पत्ते आणि नाना लिप्यांतली अक्षरं यातून पत्र वाट चुकू नये हाच त्यामागचा हेतू. जळगावचा पिन 425001 आणि जळगाव जामोदचा 443402. पहिला आकडा दोन्हीकडे 4, कारण महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा सगळा पट्टा 4 मध्ये येतो. दुसऱ्या आकड्यालाच वाटा फुटतात. पत्ता कितीही गिचमिड असला तरी पिन बरोबर असेल तर पाकीट मुक्कामी पोचतं. कुरियरवाला पोरगा मात्र पिन बघत नाही, तो फोन करून "जळगावात कुठे?" असं विचारतो, ती गोष्ट वेगळी.

आता मला या विषयात सगळ्यात रंजक वाटणारी गोष्ट. तापी थायलंडात आहे. आमची तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशा करत 724 किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. थायलंडच्या दक्षिणेला सुरत थानी नावाचं शहर आहे आणि त्याच्यातून वाहणाऱ्या नदीचं नाव तापी. लांबी साधारण 230 किलोमीटर, आणि ती थायलंडच्या आखाताला मिळते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, कुठल्या तरी थाई शब्दाचा उच्चार असाच होत असेल. तसं नाही. 1915 साली सयामचे राजे वजिरावुध, म्हणजे राम सहावे, यांनी त्या गावाला आपल्या सुरतेवरून सुरत थानी नाव दिलं, आणि गाव सुरत झालं म्हटल्यावर नदीलाही तापी केलं. दोन्ही सुरती नदीच्या मुखाजवळच्या. थाई राजघराण्याला भारतातली नावं नवीन नव्हती. त्यांची जुनी राजधानी अयुथ्या अयोध्येवरूनच आहे. पण अयोध्या रामायणातून गेली असं म्हणता येतं. तापीला तसा मोठा ग्रंथ नाही, ती सुरतेचा हात धरून गेली. आमच्याकडे आषाढात तापीची जयंती करतात, ओटी भरतात. त्या बायकांना सांगितलं की तुमच्या माईच्या नावाची एक नदी समुद्रापलीकडे आहे, तर आधी त्या हसतात आणि मग विचारतात, "तिथेबी केळी होते का?" होते, भरपूर होते.

शहर आणि नदी जोडीने नेण्याचा हा उद्योग गोऱ्या साहेबाने आधीच करून ठेवला होता. कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतात लंडन आहे आणि त्याच्यातून टेम्स वाहते. तिथला गव्हर्नर जॉन सिमको याने 1793 मध्ये नदीला टेम्स केलं आणि लंडनची जागाही तेव्हाच हेरली. गाव वसायला मात्र पुढे तीसेक वर्षं लागली. नाव आधी, माणसं नंतर.

सिडनीची कथा आणखी वेगळी. एक सिडनी ऑस्ट्रेलियात, 1788 ची. दुसरी कॅनडात नोव्हा स्कॉशिया प्रांतात, 1785 ची, म्हणजे वयाने थोरली. एकीने दुसरीचं नाव घेतलेलं नाही. दोघींना लंडनमधल्या एकाच मंत्र्याचं, लॉर्ड सिडनीचं नाव दिलं गेलं. तेव्हाचे अधिकारी वरच्याची मर्जी राखायला हेच करत. आता त्याचा भुर्दंड प्रवासी भरतात. 2017 मध्ये एक डच विद्यार्थी स्वस्त तिकीट मिळालं म्हणून ऑस्ट्रेलियाला निघाला आणि कॅनडातल्या सिडनीत उतरला. टोरँटोहून पुढचं विमान एवढंसं कसं, अशी शंका त्याला वाटेत आलीच होती म्हणे.

निव्वळ योगायोग हवा असेल तर जॉर्जिया घ्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याला इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याचं नाव आहे. कॉकेशसमधला जॉर्जिया हा देश स्वतःला साकार्त्वेलो म्हणतो, जॉर्जिया हे त्याला बाहेरच्यांनी दिलेलं नाव. दोघांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. तसाच नवी मुंबईतल्या खांदेश्वर स्टेशनचा आणि खान्देशचाही नाही. आमच्याकडची नवी पोरं पनवेलकडे नोकरीला गेली की त्या पाटीसमोर फोटो काढून घरी पाठवतात, म्हणून सांगून ठेवलं.

नद्यांचा विषय निघालाच आहे तर पूर्णाही सांगायला हवी. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव गावाशी तापीला मिळते ती एक पूर्णा, मराठवाड्यातून गोदावरीला मिळते ती दुसरी आणि डांगातून नवसारीकडे जाते ती तिसरी. परभणीकडचं पूर्णा जंक्शन दुसरीचं. 'पूर्णेला पूर आला' एवढीच बातमी व्हॉट्सॲपवर फिरली की आमच्याकडे फोनाफोनी सुरू होते, कारण कोणत्या पूर्णेला हे कोणीच लिहीत नाही.

त्याच चांगदेव गावावरून माणसांकडे वळतो. या गावातलं देऊळ ज्यांच्या नावाचं ते योगी चांगदेव, मुक्ताबाईंचे शिष्य. पण खान्देशात दुसरेही चांगदेव आहेत. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी होते आणि त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, असं त्यात आहे. एक योगी, एक ज्योतिषी, मध्ये काही दशकांचं अंतर. शाळेच्या सहलीत मुलं एकाची गोष्ट दुसऱ्याला सहज जोडून टाकतात. आजोबांच्या नावाचंही तेच. सातव्या शतकात भास्कर नावाचे एक गणिती होऊन गेले, म्हणून 1114 मध्ये जन्मलेल्या आपल्या भास्कराचार्यांना इतिहासकार 'भास्कर दुसरे' म्हणतात.

बहिणाबाईंचा घोळ तर शिकलेले लोकही घालतात. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या. आमच्या बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, 1880 ते 1951. मध्ये दोनशे वर्षं आहेत. तरी सोशल मीडियावर एकीच्या नावाने दुसरीच्या ओळी बिनधास्त फिरतात. जळगावच्या विद्यापीठाच्या नावात 2018 पासून नुसतं बहिणाबाई नाही, 'कवयित्री बहिणाबाई चौधरी' असं सगळं आहे. नाव लांबतं, पण मला ते बरोबर वाटतं.

जिवंत माणसांचा गोंधळ मात्र माझ्या टेबलावर येतो. आमच्या भागात पूर्वी मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, भिका, उखर्डू असं ठेवायचे, कोणाची नजर लागू नये म्हणून. त्यामुळे एका पिढीत गल्लीगल्लीला दगडू. त्या दगडूंच्या पोरांची नावं आली सुरेश नि रमेश, आणि आडनाव अर्ध्या गावाचं पाटील नाहीतर चौधरी. आता सुरेश दगडू पाटील किती निघतील, तुम्हीच सांगा. माझ्या मोबाइलमध्ये 'सुरेश पाटील डीपी' आहे, कारण त्याच्या शेतात वीजमंडळाची डीपी आहे. 'सुरेश पाटील वांगं' हा भरताची वांगी लावतो. 'सुरेश पाटील कंडक्टर' रिटायर होऊनही कंडक्टरच आहे. पारावर नुसतं "सुरेश गेला" म्हटलं की चार जण विचारणार, "कोनता सुरेश रे भो?" आणि गेला म्हणजे बाजाराला गेला की वर गेला, हाही खुलासा करावा लागतो. पीएम किसानचे पैसे, पीकविमा, रेशन सगळं नावावर चालतं, आणि यंत्राला डीपी नि वांगं कळत नाही. एकाचा हप्ता दुसऱ्याच्या खात्यावर गेला की दोघंही माझ्याकडे येतात, एक रागावून आणि दुसरा अगदी शांतपणे.

निवडणुकीत तर सारखं नाव मुद्दाम शोधून आणतात. 2014 ला रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना 2,110 मतांनी हरवलं, आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला 9,849 मतं पडली होती. पुढच्या वर्षी, 1 मे 2015 पासून, निवडणूक आयोगाने मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायला सुरुवात केली ती अशाच गोंधळापायी. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली की असे नामसाधर्म्य असलेले उमेदवार रोखा. आई-वडिलांनीच ते नाव ठेवलं असेल तर त्याला निवडणूक लढवण्यापासून कसं अडवणार, असं म्हणत न्यायालयाने नकार दिला. मला तो नकार पटला. खरा प्रश्न नाव सारखं असण्याचा नाही, तो माणूस कोणी उभा केला याचा आहे, आणि ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

तुमच्याच गावात तुमच्या नावाचा दुसरा कोणी असेल तर एक काम आजच करा. सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून वडिलांचं नाव तिन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते बघा. दगडू, दगडो आणि दगडूजी ही यंत्राच्या हिशेबी तीन वेगळी माणसं आहेत.