वाचक विचारतात : श्रीलंकेला किती दिवस?

प्रश्न : डिसेंबरात नऊ दिवसांची रजा आहे. कोल्हापूरहून निघून कोलंबो, गॉल, मिरिसा, त्रिंकोमाली, जाफना एवढं बसेल का? - एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही बसणार. दिवस मोजू नका, मुक्कामाच्या रात्री मोजा. कोल्हापूर-मुंबई जाण्यायेण्यातच दोन दिवस गेले. तिथे उरल्या सहा रात्री. शिवाय दर मुक्काम बदलताना बॅगा, चेक-आउट, प्रवास यात अर्धा दिवस जातो.

त्रिंकोमाली आधी काढा. डिसेंबरात पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस असतो. तिकडचा हंगाम मे ते सप्टेंबर. जाफना कोलंबोपासून सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस खलास.

दक्षिण-पश्चिम किनारा मात्र तेव्हा ऐन बहरात. गॉलला दोन रात्री, मिरिसाला तीन, शेवटची नेगोम्बोला, कारण विमानतळ कोलंबोपेक्षा तिथून जवळ. कोलंबो वाटेत उरकेल. मिरिसाला तीन का? देवमासे पाहायच्या बोटी पहाटे सुटतात आणि समुद्र खवळला की रद्द होतात. दुसरी सकाळ हाताशी हवी. कोलंबोहून गॉलला रेल्वेने जा, उजवीकडची खिडकी धरा. समुद्र त्याच बाजूला.